झडप काढलेली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी, काजळलेली, भिंतीतली शेगडी आहे, आणि मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. दगडविटांच्या शेगडीला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. पण माझा स्वभावच तसा. लहानसहान गोष्टींनीही मी हबकते. आणि ज्या गोष्टीसाठी आज तोंड उघडलं आहे, ती तर लहान नाहीच.

घाटंजीहून जंगलाकडे जाणारा रस्ता जिथं टेकडीला लागतो, तिथं जंगलखात्याचा एक जुना बंगला आहे. त्याच्या अंगणाकडे दार असलेल्या खोलीत, उगवतीच्या भिंतीत मी आहे. इंग्रजांच्या राज्यात इथं एक गोरा साहेब राहायला आला. पहिल्याच हिवाळ्यात जंगलातली थंडी त्याच्या हाडात शिरली आणि त्याला आपल्या मुलखातलं घर आठवलं. त्याने यवतमाळहून गवंडी बोलावला आणि कागदावर माझं चित्र काढून दिलं. गवंडी त्या चित्राकडे बघतच राहिला.

"साहेब, अथी उन्हाळ्यात दगड तडकते, अन् तुमी भितीत चूल मांगता?"

भोवतीचे मजूर पोट धरून हसले. माझा जन्म हा असा, लोकांच्या हसण्यात झाला. तो माझा पहिला धक्का.

पण गवंड्याने काम मात्र चोख केलं. खाली विस्तवासाठी रुंद तोंड, तोंडात लोखंडी जाळी, वर धूर बाहेर नेणारं उंच धुराडं, आणि कपाळावर सागाची एक लांबरुंद फळी. धुराड्याच्या गळ्याशी एक लोखंडी झडप बसवली आणि तिची दांडी बाहेर काढली. दांडी वर ढकलली की झडप उघडायची आणि धूर वर जायचा. दांडी खाली ओढली की झडप मिटायची आणि धुराड्याचा रस्ता बंद व्हायचा. मित्रांनो, बाकी काही विसरलात तरी चालेल, ही झडप तेवढी लक्षात ठेवा.

साहेब असेपर्यंत माझा थाट होता. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा सेवादास तेव्हा ऐन तारुण्यात होता. तो बंगल्यावर चौकीदार होता, लाकडं तोच आणायचा, राख तोच काढायचा. थंडीत पाहुणे आले की माझ्यासमोर खुर्च्या मांडून बसत आणि माझं कौतुक करत. मग एके दिवशी साहेब गेला. पुढे त्याचं राज्यही गेलं. बंगला रिकामा पडला, आणि माझी जी काही आबाळ झाली ती विचारू नका. धुराड्यात पाकोळ्यांनी घरटी केली. कुणी माझ्या तोंडात मिरच्यांची पोती ठेवली. एका पावसाळ्यात तर एक कोंबडी येऊन माझ्या जाळीवर अंड्यांवर बसली आणि पिल्लं घेऊनच उठली. माझ्या तोंडात कोंबडी! साहेबाच्या पाहुण्यांनी ते पाहिलं असतं तर मी लाजेने ढासळलेच असते.

अठ्ठावन्न साली, दिवाळीनंतर, बंगल्याचं कुलूप निघालं. देवराव नावाचा तरुण नाकेदार, म्हणजे जंगलाची राखण करणारा शिपाई, बायको आणि आई यांना घेऊन राहायला आला. त्याचं सरकारी क्वार्टर पावसात पडलं होतं, म्हणून रेंजरसाहेबांनी त्याला बंगल्यातल्या दोन खोल्या दिल्या होत्या. हे बौद्ध कुटुंब होतं. छप्पन सालानंतर या भागात ज्या घरांनी जुने देव सोडून धम्म घेतला, त्यांतलंच एक. देवरावची आई तुळसाबाई हिने आल्या आल्या पदराने माझ्या कपाळावरची फळी पुसली आणि तिच्यावर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी ठेवल्या. ज्या फळीवर साहेबाच्या बाटल्या असत, तिच्यासमोर ही म्हातारी हात जोडून अडखळत वंदना म्हणू लागली. मी चकित झाले. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर बसलं होतं.

तुळसाबाई म्हणजे करारी बाई. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. भोवतालच्या गावांतली कितीतरी बाळंतपणं तिने निभावली होती. पण स्वतःच्या घरात तिचा हात रिता राहिला होता. देवरावची बायको इंदूबाई हिचा पहिला मुलगा एका हिवाळ्यात, महिन्याच्या आतच गेला होता. रात्री दूध पिऊन निजला तो सकाळी उठलाच नाही. तुळसाबाईने तेव्हाच ठरवून टाकलं, पोराला वारा लागला, गारठा बाधला. आता इंदूबाईला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन थंडीत येणार होतं. या घराचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

"या वक्ताले मी लेकराच्या अंगाले वाऱ्याची झुळूक लागू देनार नाही," असं ती येता जाता म्हणायची. "काई झालं तरी नाही."

धम्म घेतल्यावर तिने पाचवीची सटवाई सोडली, ताईतदोरे सोडले, अंगात येणाऱ्या बायांशी भांडणंही केली. वाऱ्याची भीती मात्र तिला सोडता आली नव्हती.

पण आधी मला पेटवायचं कसं हे त्यांना शिकायचं होतं, आणि तो एक तमाशाच झाला. थंडी पडली तशी देवरावने जंगलातली सालईची ओली लाकडं आणली, घरच्या चुलीत घालतात तशी माझ्या तोंडात कोंबली, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. झडप बंद! धुराने खोली अशी भरली की माणसाला माणूस दिसेना. तिघंही खोकत, डोळे चोळत अंगणात पळाली.

"अवं माय, हे शेगडी हाय का धुराचं पोतं?" तुळसाबाई अंगणातून ओरडली. "साहेब अथीच मेला असन, कोनाले मालूम!"

मी इतकी अपमानित कधी झाले नव्हते. दांडी ढकला, दांडी ढकला, असं मी मनात किती ओरडले! शेवटी इंदूबाईने नाकाला पदर लावला आणि आत येऊन माझ्या बाजूला चाचपडत ती गंजलेली दांडी शोधली. तिने सगळा जोर लावून ती वर ढकलली. झडप उघडली खरी, पण तिच्यावर साचलेली सगळी काजळी, घरट्यांची माती आणि वाळलेली पिसं धाडकन खाली येऊन माझ्या तोंडातून इंदूबाईच्या अंगावर उसळली. ती नखशिखांत काळी झाली. मग तिला स्वतःलाच हसू फुटलं, आणि ती हसली तशी सासूही हसली. पोर गेल्यापासून या दोघी एकत्र हसल्या नव्हत्या, असं देवराव नंतर म्हणाला.

मग त्याने तांड्यावरून सेवादासला बोलावलं. सेवादास आता म्हातारा झाला होता. त्याने माझ्यासमोर बसून जुना रुबाब आणत सगळं सांगितलं.

"हे पाहा नाकेदारसाहेब, दांडी वर केली का तोंड उघडते, खाली केली का मिटते. पयले थोडं गवत जाळाचं, धुराडं गरम करून घ्याचं. मंग बारीक काड्या, मंग लाकडं. धावडा घाला, त्याचा निखारा लय टिकते. तेंदू नका घालू, ठिणग्या उडवते."

"अन् बंद कधी कराची?" तुळसाबाईने विचारलं.

सेवादासने दांडी खाली ओढून दाखवली. "साहेब झोपाले जाच्या आंधी बंद कराले लावे. वरून पाखरं घुसते म्हने. मी दांडी वढो अन् घरी जाओ."

मी हादरले. अरे सेवादास, अर्धंच सांगितलंस की रे! साहेब झडप बंद करायला लावायचा हे खरं, पण आधी तो स्वतः वाकून राखेवर हात धरायचा. राख पूर्ण गार लागली तरच म्हणायचा, आता बंद कर. सेवादास तेव्हा दाराशी उभा असायचा, घरी जायच्या घाईत. त्याला फक्त हुकूम ऐकू यायचा. साहेबाचा तो राखेवरचा हात त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो खोटं बोलला नाही. जेवढं त्याला माहीत होतं तेवढं त्याने मनापासून सांगितलं.

तर मित्रांनो, माझे चांगले दिवस परत आले. धावड्याचे निखारे माझ्या पोटात लालबुंद फुलत. देवराव जंगलातून गारठून आला की माझ्यासमोर तळपाय शेकत बसायचा. इंदूबाई माझ्या उजेडात लेकरासाठी कुंच्या शिवायची. तुळसाबाई राखेत रताळी भाजायची आणि शेजारणींना सांगायची, "साहेबाची शेगडी लय गुनाची हाय बाप्पा." माझी छाती फुगली. त्या म्हातारीच्या तोंडून कौतुक निघणं ही साधी गोष्ट नव्हे.

एकच गोष्ट तिला खटकायची.

"सारी ऊब वर जाते," ती धुराड्याकडे हात करून म्हणायची. "आपन लाकडं जाळाची अन् कावळ्यायनं शेकाचं."

तिने आपल्या परीने विचार केला. घरच्या चुलीत रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखायचा, हे ती जन्मभर करत आली होती. लाकूड जळेपर्यंत धूर असतो. एकदा निखारे झाले की धूर नाही. आणि धूर नाही तर झडप उघडी कशाला? म्हणून निखारे झाले की ती वर राख ओढायची आणि दांडी खाली करायची. खोली छान उबदार राहायची. तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं, खिडकीच्या फटी वाहत्या असायच्या, म्हणून काही झालं नाही. मी मात्र दर वेळी दचकायचे. पण माझा दचका कुणाला कळणार?

जानेवारीत इंदूबाई बाळंत झाली. मुलगी झाली. तुळसाबाईनेच तिला हातावर झेललं. पोरगी जन्मतःच अशी रडली की माझ्या जाळीवरची राख हलली. नाव ठेवलं गौतमी. त्या दिवशी तुळसाबाईला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आणि मग तिने खोली बंद करायला सुरुवात केली. माझीच खोली बाळंतिणीची झाली होती. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घरात असतं तसं इथं वरून वारा येत नव्हता. साहेबाने घट्ट लाकडी छत घातलेलं, दारं चौकटीत चपखल बसणारी, खिडकीला काच. तरी म्हाताऱ्या हातांनी सगळ्या फटी शोधल्या. खिडकीच्या कडांना शेणमाती लिंपली. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासल्या. सकाळी तेल लावून मायलेकींना न्हाऊ घालायचं, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकून धुरी द्यायची, दार लावून घ्यायचं आणि दोघींना गोधड्यांत गुंडाळून निजवायचं, असा तिचा क्रम. पहिले काही दिवस ती न्हाणं झालं की भांडी-धुणी करायला बाहेर जायची, दार उघडझाप व्हायचं, म्हणून निभावलं.

त्या सकाळी थंडी भयंकर होती. अंगणातल्या बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. देवराव पहाटेच जंगलात गेला होता. तुळसाबाईने रोजच्यापेक्षा दुप्पट धावडा जाळला. निखाऱ्यांचा ढीग झाला. न्हाणं झालं, धुरी झाली. तिने दाराची कडी लावली, चिंध्या पुन्हा बोटांनी ठासल्या, निखाऱ्यांवर राख ओढली, आणि माझी दांडी खाली केली. या वेळी ती बाहेर गेली नाही. बाजेला पाठ लावून खालीच बसली.

मित्रांनो, कोंडलेल्या विस्तवातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकवतो, माणसाला बाहेर पळवतो. हा वायू तसलं काही करत नाही. तो माणसाला झोप आणतो. तो माझ्या पोटातून निघत होता, माझ्या तोंडातून खोलीत पसरत होता, आणि मला माझं तोंड मिटता येत नव्हतं.

"आत्याबाई, डोकं लय ठणकून राह्यलं," इंदूबाई म्हणाली.

"बाळंतिनीचं अंग हाय, ठणकनच. नीज तू." तुळसाबाईचा आवाज जड झाला होता. "मले बी काहून अशी गुंगी येऊन राह्यली..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. मान छातीवर आली. इंदूबाईचे डोळे मिटले. तिघींचे गाल लालसर दिसत होते, निरोगी माणसाचे असावेत तसे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती सुखाने निजल्या आहेत! मी भीतीने गोठले. विस्तव पोटात असून गोठले. मी इतकी वर्षं धूर सोडला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी एक धुराचा लोट निघावा म्हणून मी तळमळले, आणि राखेखाली धूर नव्हता.

गौतमीची दुधाची वेळ झाली आणि टळली. ती रडली नाही.

पण इंदूबाईला पान्हा फुटला. छाती भरून आली, चोळी भिजली, आणि त्या ओलाव्याने तिचे डोळे कसेबसे उघडले. दूध वाहतंय आणि पोर रडत नाही, एवढंच तिला कळलं. तिने गौतमीला हलवलं. पोरीची मान लुळी पडली.

"आत्याबाई!" ती ओरडली. म्हणजे तिला ओरडायचं होतं. आवाज पुटपुटण्याएवढाच निघाला. सासू हलली नाही.

इंदूबाई बाजेवरून उतरली ती थेट खाली कोसळली. पाय तिचे राहिले नव्हते. एका हाताने पोर पोटाशी धरून ती दाराकडे सरपटत गेली. कडी उंच होती. ती दोनदा उठली, दोनदा पडली. मग तिने वर बघणं सोडलं. दाराखालच्या चिंध्या नखांनी उपसून काढल्या आणि गौतमीचं तोंड त्या फटीशी नेऊन ठेवलं. बाहेरच्या गार वाऱ्याची रेघ पोरीच्या तोंडावर आली. ज्या वाऱ्यापासून तिला जपायचं म्हणून हे सगळं केलं होतं, तोच वारा. मग इंदूबाई हाताच्या मुठीने दार ठोकत राहिली.

सेवादासची बायको बसंतीबाई दूध घेऊन अंगणात आली होती. बाळंतिणीच्या खोलीत दुसऱ्याने जाऊ नये म्हणून ती रोज दूध उंबऱ्याशी ठेवून जायची. दाराखालून आलेली बोटं तिला दिसली.

"याडी वो! काय झालं बाई? दार उघडा नं!"

आतून नुसती मूठ आपटत होती, तीही आता थांबत चालली होती. बसंतीबाईने दुधाचा लोटा टाकला, भिंतीशी रचलेल्या लाकडांतला एक ओंडका उचलला आणि खिडकीवर घातला. काच खळकन फुटली, लिंपलेली माती ढासळली. हात घालून तिने खिटी काढली, आणि हातातल्या बांगड्या फुटल्या, रक्त आलं, तिकडे न बघता आत उडी मारली. आधी दार उघडलं. पोर उचलून अंगणात नेलं, मग इंदूबाईला काखेत धरून ओढलं, मग तुळसाबाईला. ती म्हातारी अंगाने भारी. बसंतीबाईने तिला पाय धरून फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं.

उघड्या दारातून मला अंगण दिसत होतं. गार वारा सुटला होता. उघड्या अंगणात, जमिनीवर गौतमी पडली होती आणि बसंतीबाई तिच्या पाठीवर, तळपायांवर चापट्या मारत होती. पोर हलेना. मित्रांनो, त्या वेळेएवढी लांब वेळ मी कधी पाहिली नाही. मग पोरीचं तोंड वेडंवाकडं झालं. एक बारीक, चिडका आवाज निघाला. आणि ती रडायला लागली.

त्या रडण्याने तुळसाबाई शुद्धीवर आली. तिचे पहिले शब्द मी कधीच विसरणार नाही.

"अवं, लेकराले आत घ्या! वारा लागन तिले!"

बसंतीबाईने पोर छातीशी धरलं आणि ती उघड्या अंगणातच बसून राहिली.

तांड्यावरच्या बैलगाडीतून तिघींना घाटंजीच्या दवाखान्यात नेलं. तिघी वाचल्या. काही दिवसांनी परत आल्या तेव्हा देवराव माझ्यासमोर बसून डॉक्टरांनी काय सांगितलं ते एकेक शब्द आठवून सांगत होता. विस्तव कोंडला की हवा विषारी होते. वारा लागून नव्हे, वारा न मिळाल्याने पोरगी जात होती.

तुळसाबाई शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, "घमेल्यातल्या इस्तवानं बी होते का हे?"

"होते म्हने. कोंडलं का कोन्त्याबी इस्तवानं होते. काहून वं माय?"

देवरावला काही उमगलं नाही. इंदूबाईला मात्र त्याच क्षणी उमगलं, कारण तिच्या हातातली कुंची खाली पडली. पहिलं पोर झालं तेव्हाचं ते लहानसं घर, दारावर ठोकलेलं गोणपाट, बाजेखाली ठेवलेलं निखाऱ्यांचं घमेलं. बाळंतिणीने तेव्हाही म्हटलं होतं, डोकं ठणकतंय. सासूने तेव्हाही म्हटलं होतं, नीज तू. त्या रात्री इंदूबाईचं डोकं फार ठणकलं म्हणून ती बाजेवरून उठून उंबऱ्याशी जाऊन पडली होती. पोर बाजेवरच राहिलं होतं.

तुळसाबाईचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, आता ही बाई पडणार. ती पडली नाही. भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि तो हात माझ्याच काजळलेल्या दगडावर होता. मला तेव्हा बसलेला धक्का, मित्रांनो, अजून माझ्या विटांत आहे. इतकी माया, आणि तिच्याच हाताने!

त्या दिवसापासून इंदूबाई सासूशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, शब्द नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, आणि तोंड फिरवायची. तुळसाबाईनेही माफी मागितली नाही. कशाची मागणार? कुठल्या तोंडाने मागणार? ती रोज फळीवरच्या तसबिरींसमोर बसायची, पण तिच्या तोंडून वंदना निघायची नाही.

मग देवराव विटा आणि माती घेऊन आला. "हे तोंडच बुजवून टाकतो," तो म्हणाला. मला काही वाटलं नाही. मी मनाने तयार होते.

"थांब," तुळसाबाई म्हणाली. "हिले बुजवशीन, तं गावातले घमेले कोन बुजवन? हे शेगडी राहू दे. हिची झडप तेवढी काढ."

लोहार आला. त्याने छिन्नीने माझी झडप काढली, दांडी काढली. आता माझा गळा कायमचा उघडा आहे. पावसाळ्यात पाणी येतं, पाकोळ्या येतात, ऊब थेट आभाळात जाते. तुळसाबाई आता कावळ्यांवरून बडबडत नाही. फुटलेल्या खिडकीला तिने नवी काच लावू दिली नाही. थंडी जास्त झाली तर पोरीच्या अंगावर आणखी एक गोधडी.

पुढच्या हिवाळ्यात तांड्यावर एक पोरगी अडली आणि तुळसाबाईला बोलावणं आलं. ती निघाली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथंच थांबली. तिचे ते मोठे हात तिने लुगड्यात लपवले होते.

"मी नाही जात," ती म्हणाली. "माह्या हाताचा आता मलेच भरोसा नाही."

इंदूबाई चुलीपाशी होती. ती उठली, तिने गौतमीला देवरावच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला.

"चाला, आत्याबाई. मी येतो संगं. तुमी लेकरू पाहा, मी खिडकी पाह्यतो."

इतक्या महिन्यांत ती सासूशी बोललेली ही पहिली गोष्ट. सुनेच्या मागोमाग तुळसाबाई अंगण ओलांडून गेली. तेव्हापासून आसपासच्या गावांत हिवाळी बाळंतपण असलं की दोघी जातात. लोक शिव्या घालतात. बाळंतिणीची खिडकी उघडणारी ही कोण अवदसा, असं म्हणतात. तुळसाबाई शिव्या ऐकून घेते आणि दाराखालच्या चिंध्या ओढून काढते.

मित्रांनो, गौतमी आता पाटीदप्तर घेऊन शाळेत जाते. शाळेतून आली की माझ्यासमोर बसून मोठ्याने पाढे म्हणते. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. शेगडी असो, चूल असो की निखाऱ्यांचं घमेलं, विस्तव घरात आणलात तर खिडकी उघडी ठेवा. धूर दिसत नाही म्हणून भय नाही असं समजू नका. थंडी वाजली तर पांघरूण घ्या, पण हवा कोंडू नका. आणि हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मायेने सांगा, त्यांच्यावर ओरडू नका, कारण ती माणसं जे करतात ते तुमच्या जिवासाठीच करतात. तुळसाबाईला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर आज या घरातून गौतमीचा हात धरून तिचा मोठा भाऊ शाळेत गेला असता.